जर्मन तांबडं होत नाही

अण्णांच्या गाडीखाली फरशीवर तेलाचा डाग पडायला लागला, त्याला तीन वर्षं झाली असतील. आधी रुपयाएवढा होता, मग पुरीएवढा झाला. भिंतीला ओल आली की माणूस जसा तिकडं पाठ करून बसतो, तसा मी बसलो. खाली पुठ्ठा टाकला. तो भिजला की दुसरा टाकला. ही माझी दुरुस्ती.

गाडी म्हणजे हीरो होंडाची सीडी हंड्रेड मोटारसायकल, १९९२च्या दसऱ्याची. शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली. पुढच्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा अण्णा औशाच्या बाजूला शाळेवर होते. मागच्या सीटला भाकरीचं गाठोडं बांधून ते याच गाडीवर किल्लारीकडं गेले. आम्हाला एवढंच माहीत आहे. तिथं काय बघितलं ते त्यांनी अजूनपर्यंत सांगितलेलं नाही, आणि गाडी विकायचा विषय निघाला की ते चष्मा लावून पेपर उघडतात. तेव्हा गाडी राहणार हे ठरलेलं. राहिला प्रश्न तेलाचा.

एका रविवारी गाडी आडवी केली आणि बघितलं. इंजिनाच्या पोटाला तेल सोडायचा बोल्ट असतो, त्याच्या भोकापासून एक चीर निघाली होती. केसाएवढी बारीक, पण चांगली दोन-अडीच इंच लांब. इंजिनाच्या त्या पेटीलाही मेकॅनिक 'केस'च म्हणतात, त्यामुळं केसला केसाएवढी चीर हे वाक्य मी पुढं पंधरा दिवस पंधरा जणांना ऐकवलं आणि कुणीही हसलं नाही. चिरेचा इतिहास साधा आहे. कधीतरी कुणीतरी ऑइल बदलताना अंगातली सगळी रग काढून तो बोल्ट आवळला. आतले आटे गेले. पुढच्यानं जरा जाड बोल्ट घेतला आणि ठोकून बसवला. बोल्ट लोखंडाचा, पेटी अ‍ॅल्युमिनियमची. दोघांत जुंपली तर फाटणार कोण, हे काय सांगायचं.

"केसच बदलून टाकू सर, जुन्या मालात मिळंल," मेकॅनिक म्हणाला. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिनाचा नंबर कोरलेला असतो तो त्या केसवरच. केस बदलली की आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर यांची फारकत झाली. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. साहेब खाली वाकून नंबर बघतात. कुणाच्या तरी भंगारातल्या गाडीचा नंबर आपल्या गाडीच्या पोटावर कसा आला, याचा खुलासा मग देत बसा. माझी निम्मी नोकरी खुलासे लिहिण्यात गेली आहे. त्यामुळं आहे तीच केस जोडायची, असं ठरवलं.

आधी अर्थातच स्वस्तातला मार्ग. दोन रंगांची लुकण मिळते, मळून एकजीव करायची आणि चिरेवर लिंपायची. एक पावसाळा निघाला. मग इंजिन तापून-थंडावून तिच्या कडा सुटल्या आणि एका खड्ड्यात ती सगळीच्या सगळी, पापड सुटावा तशी, गळून पडली.

मग वेल्डिंग. लातुरात वेल्डरला काय तोटा? डाळमिलची चाळणी, ट्रॅक्टरची ट्रॉली, शटर, गेट, लग्नाच्या मांडवाचे खांब, सगळीकडं चटचट ठिणग्या उडत असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण गेट करतो. चांगला माणूस, हाताला सफाई आहे. माझ्या घराचं गेट त्याचंच. तो केस बघून जरा घुटमळला होता, हे आता आठवतं. "लोखंड आसतं तर प्रश्नच नव्हता," असंही म्हणाला होता. मीच म्हणालो, "अरे, दोन टाके तर मारायचेत." त्यानं रॉड टेकवला. फट्. धातूचा रंग बदलला नाही, लाल झाला नाही, काही नाही. एक क्षण होता तसाच पांढरा दिसला आणि पुढच्या क्षणाला तिथं बोराएवढं भोक होतं. आम्ही दोघं त्या भोकातून खालची जमीन बघत उभे राहिलो. त्यानं पैसे घेतले नाहीत. मलाही त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही, कारण आग्रह माझा होता.

आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. आजी 'जर्मल' म्हणायची. स्वैपाकघरात हा धातू गरिबाचा म्हणूनच आला. हलका, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. कल्हईवाल्याचा भाता गल्लीतून नाहीसा झाला, त्यात स्टीलइतकाच जर्मनचाही हात आहे. आणि गंमत बघा, दीडशे वर्षांपूर्वी हा धातू मिरवायचा होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाचं टोक १८८४ साली बसवलं ते अ‍ॅल्युमिनियमचं, कारण तेव्हा तो महागडा. दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना, विजेच्या जोरावर तो काढायची एकच रीत शोधली. मग भाव जो कोसळला तो आमच्या परातीपर्यंत.

पण आजीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जर्मनला डाग बसत नाही. तांब्या गळायला लागला, घागर चिरली, तर डाग देणारा दारावर यायचा, निखाऱ्यावर खिळा तापवायचा आणि बसल्या बसल्या जोडून द्यायचा. जर्मनचं पातेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं की तो ते उलटंसुलटं करून परत हातात द्यायचा. भोक पडलं की जर्मनमध्ये तुळस लावायची.

का बसत नाही, ते मला या केसपायी कळलं. या धातूला साय धरते. कापा, घासा, खरवडा. हवा लागली की क्षणात त्यावर पुन्हा एक पापुद्रा येतो. डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. हवेतला प्राणवायू आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून झालेला. भांडी गंजत नाहीत ती या सायीच्या कृपेनं. पण जोडायला गेलं की तीच आडवी येते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो आणि वरची साय वितळायला दोन हजारांच्या पुढं जावं लागतं. म्हणजे आतलं दूध उकळून चाललंय आणि वरची साय दगडासारखी घट्ट. दोन तुकडे शेजारी शेजारी वितळले तरी आपापल्या सायीत राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातून उष्णता अशी पसरते की एका टोकाला तापवा, दुसऱ्या टोकाला हात पोळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोखंडासारखी खूण देत नाही. लोखंड आधी तांबडं होतं, मग नारिंगी होतं, मग पिवळं. म्हणजे बाबा रे, आता आवर, असं सांगतं तरी. जर्मन तांबडं होत नाही. होतं तसं असतं, आणि मग नसतं.

रस्ता दाखवला तो दूधवाल्यानं. त्याच्या कॅनचा कान तुटून पुन्हा बसवलेला होता आणि जोड असा होता की मी दूध घ्यायचं सोडून तेच बघत बसलो. गव्हाच्या ओंबीसारखा, दाण्याला लागून दाणा. "हे कुठं केलंस?" "आरगनवाल्याकडं. एमआयडीसीत हाय की."

आर्गन वेल्डिंग. इंजिनियर लोक त्याला टिग म्हणतात, पण बाजारात नाव आर्गनचं. हा एक वायू. आपण घेतो त्या हवेत शेकड्याला एकाहून जरासा कमी असतो. श्वासाबरोबर आत जातो आणि कुणाशी काही न बोलता बाहेर येतो. ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थच आळशी. त्या आळशाला वितळत्या धातूवर पांघरूण म्हणून सोडायचं, म्हणजे हवा तिथं पोचत नाही आणि नवी साय धरत नाही.

पत्र्याचं शेड, बाहेर लिंबाचं झाड, झाडाखाली अ‍ॅल्युमिनियमची एक मोडकी शिडी. मिस्त्री चाळिशीचा, काटकुळा. मूळचा इथलाच. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढलेली. ओतलेल्या मालात भोक-खड्डा राहिला की तो भरून काढायचं काम. २०२०च्या टाळेबंदीत गावाकडं आला आणि परत गेला नाही. हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी नंतर कळलं. पहिल्या दिवशी तो एवढंच बोलला,

"केस आणली का इंजिन आणलं?"

"इंजिन आहे. बाहेर छोट्या हत्तीत."

"मग न्या माघारी."

मला राग आला. टेम्पोचं भाडं दिलेलं. पण त्याचं म्हणणं असं की पूर्ण इंजिनावर वेल्डिंग केलं की करंट आतल्या बेअरिंगांमधून वाट काढतो आणि त्यांच्या गोळ्यांवर चट्टे पडतात. शिवाय केस तापवावी लागणार, आतली सीलं जळणार, आणि तेल असताना तर वेल्डिंगचं नावच काढायचं नाही. "करनारे करत्यात तसं बी. मी न्हाई करत." मी इंजिन परत नेलं. मेकॅनिकनं ते पूर्ण खोललं, दोन अर्धी वेगळी केली आणि चिरलेलं अर्धं मी डाळीच्या पिशवीत घालून तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी अण्णा बरोबर आले. गाडी त्यांची.

आमच्या आधी एक बाई बसल्या होत्या, पदराखाली कुकर. तोंडाच्या कडेला चीर गेलेली. मिस्त्रीनं तो हातात घेतलासुद्धा नाही.

"कुकर मी घेत न्हाई मावशी."

"आरं, एवढीशी तर चीर हाय. दोनशे घे, आडीचशे घे."

"पैशाचं न्हाई ओ. आत वाफ कोंडती. मी जोडंन, तुमी घरी जाऊन शिट्टी लावताल, आन् कवातरी ते तोंडावर यील. नवा घ्या. न्हाईतर ह्यात दाणे ठेवा."

मावशी बडबडत उठल्या. दारापर्यंत जाऊन एकदा मागं वळून बघितलं, विचार बदलतो का म्हणून. त्यांच्यामागून एक पोरगं आलं, हातात कार्बुरेटरची तुटकी टोपी. ती मात्र त्यानं घेतली, तळहातावर दोनदा उडवली आणि परत दिली. "हे जर्मन न्हाई. जस्ताचं ओतीव हाय. बग, वजन बग की." पोरानं उगाच तळहातावर उडवून बघितलं. मलाही उडवून बघावंसं वाटलं. अर्ध्या तासात माणसानं दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. सकाळपासून भवानी झाली होती की नाही देव जाणे.

मग आमची केस. त्यानं ती फळीवर ठेवली नाही. आधी बोटाच्या पेरानं वाजवली. मग नाकापाशी नेली आणि वास घेतला.

"तीस वर्षं तेल पिलंय हे."

"होय," अण्णा म्हणाले, जणू त्यांच्याबद्दलच बोलणं चाललंय.

"आन् हे भोक?"

मी गप्प.

"पंधराशे होतील."

मी म्हणालो, आणि हे लिहिताना अजून कान गरम होतात, "दोन इंचाला पंधराशे? गेटवाला इंचाला किती घेतो माहीत आहे ना?" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. केस उजेडाकडं धरून म्हणाला, "दोन इंच जोडायचे दोनशेच हायत सर. बाकीचे धुन्याचे." हे काहीतरी बोलायचं म्हणून बोलणं आहे असं मला वाटलं. घासाघीस करून मी बाराशेवर आणलं. तो हो म्हणाला. भांडला नाही म्हणून मी मनातल्या मनात खूश.

आणि मग धुणं सुरू झालं.

आधी डिझेलमध्ये ब्रश. मग गरम पाण्यात भांडी घासायची पावडर. सोडा टाका म्हणजे लवकर निघेल, असा सल्ला मी दिला तर अण्णाच म्हणाले, "सोड्यानं जर्मन काळं पडतं. तुझी आई पातेली सोड्यानं घासू देत नव्हती." मिस्त्री हसला, पहिल्यांदाच. आई काळं पडलेल्या पातेल्यात चिंचेचं पाणी उकळायची आणि ते लख्ख निघायचं, हे मला तेव्हा आठवलं. साय काढायची रीत घरात होती, फक्त ती कशाला म्हणतात हे कुणाला माहीत नव्हतं.

धुऊन, वाळवून केस आली. आता चीर कुठं संपते ते शोधायचं. डोळ्यांना दिसते त्याच्या पुढंही ती गेलेली असते. त्यानं चिरेवर रॉकेलचा बोळा फिरवला, दहा मिनिटं ठेवलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि विचारलं, "खडू हाय का कुनाकडं? माजा संपलाय."

अण्णांनी नेहरू शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. नोकरी संपून वीस वर्षं होऊन गेली. गल्लीतली चार पोरं संध्याकाळी पाढे म्हणायला येतात म्हणून खिशात खडू असतो, आणि दर धुण्याला खिसा पांढरा निघतो म्हणून घरात कटकट असते. मिस्त्रीनं खडूकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. "गुरुजी हाव का तुमी?" तिथून पुढं तो माझ्याशी बोललाच नाही. जे काही सांगायचं ते गुरुजींना.

खडू कुटून त्याची पूड त्या जागेवर चोळली. सगळी जागा पांढरीफेक. आम्ही तिघं वाकून. आधी काही नाही. मग त्या पांढऱ्यात एक ओलसर रेघ हळूहळू उमटत गेली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडू आपल्याकडं ओढून घेत होता. मला दिसत होती त्यापेक्षा चीर पाऊण इंच पुढं गेलेली होती आणि टोकाला तिला एक फाटाही फुटलेला होता. अण्णा म्हणाले, "मांजरा नदीचा नकाशा." मिस्त्रीनं दोन्ही टोकांना आणि फाट्याच्या टोकाला बारीक ड्रिलनं एकेक भोक पाडलं. चीर पळत असते, तिच्या तोंडापुढं गोल खड्डा केला की तिथं थांबते. मग फिरत्या कातरीनं चीर अख्खी खोदून काढली, व्ही आकाराची चारी केली. दगडी चाकानं का नाही, तर दगडाचे कण मऊ धातूत रुतून बसतात. तारेचा ब्रश घेतला तो भिंतीवरच्या वेगळ्या खिळ्यावरून. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. हा ब्रश लोखंडाला कधी लागलेला नाही. एकदा एका पोरानं या ब्रशनं गेट घासलं तर मिस्त्रीनं ब्रशच फेकून दिला होता.

एवढ्यात दीड तास गेला होता आणि वेल्डिंगचं यंत्र अजून सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. बाराशेचं गणित माझ्या डोक्यात आता उलट्या बाजूनं सुटायला लागलं.

मग तापवणं. गॅसच्या बर्नरवर केस धरून फिरवत राहिला. अधूनमधून ओल्या बोटांनी पाण्याचा शिंतोडा मारायचा, तव्यावर भाकरी टाकायच्या आधी मारतात तसा. थेंब नाचला की पुरे. पण थेंब नाचायच्या आधीच त्या धुतलेल्या, लखलखीत धातूतून तेल झिरपायला लागलं. निळा धूर. ओतीव धातूत बारीक बारीक पोकळ्या असतात आणि तीस वर्षांचं तेल त्यांत जाऊन बसलेलं. "उलटी करायलंय बगा गुरुजी." पुसायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा पुसायचं. तीन वेळा.

मे महिना. पारा चाळिशीच्या वर. वर पत्रा. समोर बर्नर. आणि मिस्त्रीनं पंखा बंद केला.

"अरे, पंखा कशाला?"

वाऱ्यानं आर्गन उडून जातो. आळशाला जागेवर ठेवायचं तर हवा हलता कामा नये. त्यामुळं जर्मनचं काम म्हणजे बिनपंख्याचं काम. त्यानं दारावर गोणपाटाचा पडदा सोडला, आम्हाला भिंतीकडं तोंड करून बसवलं. वेल्डिंगच्या उजेडाकडं बघून रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पडावं लागतं. हा अनुभव लहानपणी गल्लीतल्या निम्म्या पोरांनी घेतलेला आहे. एक काळी काच मात्र त्यानं अण्णांच्या हातात दिली. मला दिली नाही. अण्णांनी पाच मिनिटांनी माझ्याकडं सरकवली.

त्या काचेतून जे दिसलं ते असं. एका हातात पिस्तुलासारखी पकड, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई. पूर्वी बल्बात तार असायची तोच धातू, ३,४०० अंशांच्या पुढं वितळणारा. सुई धातूला टेकत नाही, दाण्याएवढं अंतर राखून असते. पायाखाली शिलाई मशीनसारखं पायडल, त्यावर करंट कमी-जास्त. आवाज लोखंडाच्या वेल्डिंगसारखा चटचट नाही, एका सुरातला घर्रर्र. करंट सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलत असतो: एका दिशेला जाताना साय फोडतो, उलट दिशेला येताना धातू वितळवतो. घासणं आणि जोडणं एकाच हातानं. चारीत आधी काहीच होईना. मग अचानक तिथं एक थेंब आरशासारखा चमकला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार उमटली. दुसऱ्या हातातली सळई त्या आरशात टेकवायची, उचलायची, पुढं सरकायचं. टेकव, उचल, सरक.

पहिला थर काळाकुट्ट आला, फोडाफोडांचा. त्यानं यंत्र बंद केलं, काच वर केली आणि तो सगळाच्या सगळा खोदून काढला. मला वाटलं बिघडलं. तर नाही, पहिला थर द्यायचा तो काढून टाकण्यासाठीच. उरलेलं तेल तो ओढून घेतो. दुसराही काढला. तिसरा घालायला बसला तेव्हा शेजारच्या गिरणीत दळण सुरू झालं आणि व्होल्टेज पडलं. सुईचं टोक थेंबात बुडलं. त्यानं एक शिवी दिली, मग गुरुजींकडं बघून ओशाळला. सुई पुन्हा घासून टोकदार केली. गिरणी थांबेपर्यंत आम्ही चहा घेतला. पंखा तेवढ्यापुरता लावला. त्या वाऱ्याची किंमत मी अजून विसरलेलो नाही.

तिसरा थर मात्र ओंबीसारखा आला. बोराएवढ्या भोकाला त्यानं मागून तांब्याचा तुकडा धरला आणि कडेकडेनं, कणाकणानं ते मिटवत आणलं. तांब्याला जर्मन चिकटत नाही आणि वितळलेलं खाली सांडतही नाही. जोडणं म्हणून जे काही होतं ते सगळं मिळून बारा-तेरा मिनिटांचं. अण्णांनी घड्याळ लावलं होतं, मास्तरांची सवय.

गरम केस त्यानं कोरड्या राखेच्या डब्यात पुरली. एकदम गार झाली तर पुन्हा चिरते. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी आटे नवे पाडून, बरोबर मापाचा बोल्ट बसवून केस तयार होती. पुन्हा रॉकेल, या वेळी आतल्या बाजूनं, आणि बाहेरून खडू. अर्धा तास. पांढरं ते पांढरंच राहिलं. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, ह्या जोडातनं गळनार न्हाई. पर शेजारची जागा तापून जरा नरम पडली आसती. तिथनं कवा गळलं तर घिऊन या, भांडू नका. आन् बोल्ट कुनाला आवळू दिऊ नका. सरांना तर न्हाईच."

मी पंधराशे दिले. त्यानं मोजले, तीनशे जास्त आहेत हे त्याला कळलं, आणि सगळे खिशात घातले. नको-नको वगैरे केलं नाही. मला फार बरं वाटलं.

गाडी उभी राहिली. मी रोज सकाळी खाली वाकून बघायचो, पुठ्ठा कोरडा. नवव्या दिवशी पुठ्ठ्यावर थेंब. माझ्या पोटात गोळा आला. लगेच फोन लावला आणि ठरवूनही आवाज चढलाच. तिकडून मिस्त्री शांतपणे म्हणाला, "गुरुजी हायत का? त्यांना द्या."

फोनवर अण्णा नुसतं हं, हं म्हणत होते. मग त्यांनी रॉकेलची बाटली मागवली. ऐंशीच्या पुढचा माणूस फरशीवर गोणपाट टाकून गाडीशेजारी आडवा झाला. नातवाकडून बॅटरी धरून घेतली, इंजिनाचं पोट फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि खिशातला खडू चुरून सगळीकडं फासला. आम्ही सगळे वाकून. जोड पांढराच्या पांढरा. शेजारची जागाही पांढरी. ओल उमटली ती वीतभर वर, किकच्या दांड्याच्या सीलपाशी, आणि तिथून एक बारीक ओहोळ खाली बोल्टाकडं निघाला.

"वीस रुपयाचं सील," अण्णा झोपल्या झोपल्याच म्हणाले. "त्याला फोन करून सांग. आणि नीट बोल."